रॉकेट मास हीटर: मातीच्या ओट्यात रात्रभराची ऊब साठवणारी चूल

बंब पेटलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना रॉकेट मास हीटरचे निम्मे तत्त्व आधीच ठाऊक आहे. बंबाच्या मधल्या नळीत ज्वाळा चढली की धुरकट आग एकाएकी स्वच्छ होते आणि घोंघावू लागते, कारण उभी तापलेली नळी हवा जोरात ओढते. बंबात त्या नळीभोवती पाणी असते. ते नळीला सतत गार करते, म्हणून आत काजळी धरते. रॉकेट हीटरमध्ये नळीभोवती पाण्याऐवजी उष्णता अडवणारे आवरण असते. नळी आतून ८००-९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि एरवी धूर म्हणून निघून जाणारा वायूही तिथेच जळतो. मग हा गरम वायू नळीवर पालथ्या घातलेल्या ड्रमखालून फिरून मातीच्या ओट्यात पुरलेल्या आडव्या पाइपातून जातो. ओटा तापतो. बाहेरच्या धुराड्यातून निघते ती बहुतांश वाफ आणि कार्बन डायऑक्साइड.

लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात स्वयंपाकाची रॉकेट चूल विकसित केली. त्याच राज्यात मातीची घरे बांधणारे इआन्टो इव्हान्स यांनी तिला ड्रम आणि ओटा जोडून खोली तापवायचे साधन केले.

आधी गरजेचे बोलू. निफाडला पहाटे पारा ५-६ अंशांवर उतरला तरी दुपारी ऊन तापतेच; तिथल्या घरात दीड टन माती घालून हे बांधण्यात अर्थ नाही. हिमाचल, उत्तराखंड, लडाखमध्ये घर किंवा होमस्टे चालवणाऱ्यांना आणि परदेशात थंड मुलखात मोकळ्या जागेत राहणाऱ्यांना याचा खरा उपयोग आहे. पहाडातली पत्र्याची बुखारी किंवा तंदूर विझला की तासाभरात खोली गार पडते. इथे संध्याकाळी दोन-तीन तास जाळ केला की ओटा पहाटेपर्यंत कोमट राहतो. परदेशात असाल तर स्थानिक बांधकाम परवानगी आणि घराचा विमा या दोन गोष्टी वीट आणण्याआधी विचारून घ्या.

मापे

सगळ्या मापांच्या मुळाशी एकच नियम आहे: वायू जातो त्या वाटेचे छेदक्षेत्र कुठेही कमी होता कामा नये. नवख्याने २० सेंमी (८ इंच) व्यासाची रचना घ्यावी. १५ सेंमीची रचनाही चालते, पण तिच्यात चुकांना जागा कमी राहते. २० सेंमी गोल पाइपाचे क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी भरते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि प्रत्येक वळणावर ताडून पाहा.

भारतात मिळणारी फायर ब्रिक (आगीला टिकणारी वीट) २३ × ११.५ × ७.५ सेंमी असते. एक वीट धारेवर उभी आणि तिच्यावर एक आडवी ठेवली की उंची १९ सेंमी होते. बोगद्याच्या, म्हणजे तोंडातून उभ्या नळीकडे आग नेणाऱ्या आडव्या वाटेच्या, दोन भिंतींमध्ये १७ सेंमी अंतर सोडा. १७ × १९ म्हणजे ३२३ चौ. सेंमी, म्हणजे नेमके हवे तितके, आणि वीट तोडायचीही गरज नाही.

आता बोगद्याची लांबी. लाकूड टाकायचे तोंड १९ सेंमी, त्यापुढे छत २३ सेंमी (दोन विटा शेजारी शेजारी आडव्या), त्यापुढे उभ्या नळीचा तळ १८ सेंमी. एकूण ६० सेंमी. तोंडाची उंची बोगद्याच्या तळापासून सुमारे ४० सेंमी, उभ्या नळीची १२० सेंमी. तोंड नळीच्या एक तृतीयांशापेक्षा उंच करू नका आणि बोगदा नळीच्या निम्म्यापेक्षा लांब करू नका. नळी आखूड झाली किंवा तोंड उंच झाले की आग कुठल्या वाटेने वर जायचे हे ठरवू शकत नाही आणि धूर खोलीत येतो.

नळीचे टोक आणि ड्रमचे छत यांत ६ सेंमी जागा ठेवा. हिशेबाने ५ सेंमी पुरते, पण राख साचते, म्हणून थोडी जास्त.

सामान

फायर ब्रिक ६०-६५ लागतात, दहा जादा घ्या. साध्या भाजलेल्या विटा ड्रमखालच्या कड्यासाठी ५०-६०. २०० लिटरचा लोखंडी ड्रम खाद्यतेलाचा असावा. रसायनाचा, थिनरचा किंवा पेट्रोलियमचा रिकामा ड्रम ग्राइंडरने कापायला घेऊ नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. झाकण पट्ट्याने आवळायचा ड्रम मिळाला तर फार चांगले, कारण पुढे झाकण उघडून आत पाहता येते. फक्त झाकणाचे रबर काढून सिरॅमिक फायबरची (प्रखर उष्णता सोसणाऱ्या तंतूंची) दोरी बसवा. ड्रमचा रंग बाहेर उघड्यावर जाळ करून संपूर्ण जाळून टाका, नाहीतर पहिले आठ दिवस खोलीत विषारी वास येत राहील.

उभ्या नळीसाठी ३० सेंमी व्यासाची, ९४ सेंमी लांब पत्र्याची नळी करून घ्या आणि आत २५ मिमी जाडीच्या सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे दोन थर बसवा. दोन्ही बाजूंचे ५-५ सेंमी गेले की आत बरोबर २० सेंमी उरतात. १२८ किलो प्रति घनमीटर घनतेची, ६१ सेंमी रुंद आणि ७.३ मीटर लांब अशी एक गुंडाळी पुरून उरते. पत्रा बाहेरून फक्त आधाराला आहे, ज्वाळा त्याला लागत नाही. बोगद्यात किंवा नळीच्या आत कुठेही लोखंड वापरू नका. जाड असले तरी ते पापुद्रे सुटून झिजते. ब्लँकेट कापताना चांगला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत.

ओट्यातला पाइप एसीच्या डक्टचे काम करणाऱ्यांकडून करून घ्यावा: २० सेंमी व्यासाचा, २२ किंवा २४ गेजचा, साधारण ६.५ मीटर. ओट्यात वायूचे तापमान उतरलेले असते, म्हणून तिथे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा चालतो. ड्रमच्या आत मात्र नको, कारण तापलेल्या जस्ताच्या धुराने ताप येतो. प्रत्येक वळणावर कोपऱ्याऐवजी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून तिच्या मोकळ्या तोंडाला झाकण लावा. पुढे राख काढायची वाट हीच.

माती, वाळू, पेंढा, दगडगोटे स्थानिक घ्या. काळी माती वापरू नका. ती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते. चिकणमाती हवी, कुंभाराला चालेल अशी.

आधी कोरडी मांडणी

हे काम टाळणारेच पुढे ओटा फोडतात. मोकळ्या अंगणात, गारा न लावता, विटा नुसत्या रचून बोगदा, तोंड आणि नळी उभी करा. फटी ओल्या मातीने तात्पुरत्या बुजवा. कोरड्या काटक्या पेटवा. पाच-दहा मिनिटांत ज्वाळा आडवी होऊन बोगद्यात ओढली गेली पाहिजे आणि घोंघावण्याचा एकसारखा आवाज आला पाहिजे. तोंडावर उदबत्ती धरली तर तिचा धूर आत जावा.

हे जमले की ड्रम पालथा घाला, पुन्हा पेटवा. मग पाइप जोडा, शेवटी दोन-तीन मीटर उभे धुराडे लावा, पुन्हा पेटवा. एकेक भाग जोडत गेल्याने बिघाड कुठे आहे ते लगेच कळते. ड्रमपर्यंत उत्तम आणि पाइप जोडल्यावर धूर, तर दोष ड्रम आणि पाइपाच्या जोडात किंवा त्यापुढे आहे.

बांधणी

जागा तळमजल्यावर, थेट जमिनीवर हवी. ३.२ मीटर लांब, ७५ सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच ओट्याचे वजन पाइप वजा जाता दीड टनाच्या आसपास जाते. लाकडी तख्तपोशीवर हे उभे करायचे नाही. ड्रमपासून लाकडी भिंत, पडदे, अंथरूण ९० सेंमी लांब ठेवा. ड्रमचे छत ३००-४०० अंशांपर्यंत तापते.

जमिनीवर दगडाचा थर, त्यावर बोगद्याखाली ८-१० सेंमी पर्लाइट आणि पातळ चिकणमातीचा थर. रोपवाटिकेत मिळते तेच पर्लाइट. माती इतकीच घाला की मूठ आवळली तर गोळा धरेल. हा थर वगळला तर उष्णता जमिनीत जाते आणि आग मंद जळते. त्यावर फायर ब्रिकचा तळ, मग भिंती. विटा जोडायला फायर क्ले आणि बारीक वाळूचा पातळ गारा, जाडी २-३ मिमी. सिमेंट नको, या उष्णतेत त्याची भुकटी होते. बोगद्याच्या बाहेरूनही पर्लाइटचा ५ सेंमी थर द्या.

तोंडाची ड्रमकडची भिंत विटा धारेवर ठेवून ७.५ सेंमी जाडीचीच करा. ड्रमचा व्यास ५८ सेंमीच्या आसपास असतो, त्यामुळे तो नळीच्या अगदी मधोमध ठेवला तर तोंडाला जवळजवळ टेकतो. ड्रम ५-६ सेंमी मागे सरकवा. पुढे नळी आणि ड्रममध्ये ८ सेंमी उरतात, तेवढे पुरते. मागच्या बाजूला जागा वाढते आणि पाइप तिथूनच काढायचा असतो.

ड्रमची कड बोगद्याच्या तळापासून सुमारे ४० सेंमीवर येईल. तिच्याखाली साध्या विटांचे गोल कडे बांधा. हाच जोडकप्पा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ड्रमभर पसरून खाली येणारा वायू इथे एका बाजूला वळून पाइपात शिरतो. पाइपाचे तोंड नळीला चिकटून आले की वाट अरुंद होते. पाइपाच्या तोंडासमोर किमान १० सेंमी मोकळी जागा ठेवा, तोंड फुगवून पाइपाच्या दीडपट रुंद करा आणि त्याच्याखाली १०-१५ सेंमी खोल राखेचा खड्डा सोडा. बाहेरून हात जाईल एवढे दार ठेवा. ड्रम आणि कड्याचा जोड सिरॅमिक दोरी आणि मातीने बंद करा म्हणजे कधीही ड्रम उचलता येईल.

पाइप ओट्याच्या शेवटापर्यंत नेऊन परत फिरवा आणि धुराडे ड्रमजवळच वर काढा. ड्रमच्या उबेमुळे धुराड्याची ओढ टिकते. २० सेंमीच्या रचनेत प्रत्येक काटकोन वळण दीड मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करते. ६.५ मीटर आणि तीन वळणे म्हणजे हिशेबी ११ मीटर. पहिल्या बांधणीत यापुढे जाऊ नका. धुराडे छतातून निघते तिथून किमान ९० सेंमी वर आणि ३ मीटरच्या परिघातल्या कशाहीपेक्षा ६० सेंमी उंच असावे.

ओट्याच्या गाऱ्यात एक भाग चिकणमाती आणि तीन भाग धारदार कचाची वाळू, हे सुरुवातीचे प्रमाण. मुठीएवढा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकून पाहा. फुटून विखुरला तर माती कमी, पचकन पसरला तर पाणी जास्त. तीन-चार नमुने करून सावलीत वाळवा आणि भेग न पडलेला निवडा. पाइपालगतच्या १० सेंमीत पेंढा घालू नका, तिथे फक्त माती, वाळू आणि दगड ठासून भरा. पोकळी राहिली तर उष्णता तिथेच अडते. बाहेरच्या थरात भाताचा पेंढा घालून तुडवलेला गारा लावा. पाइपावर १३-१५ सेंमी थर ठेवा. मातीतून उष्णता साधारण तासाला अडीच सेंमी सरकते, म्हणून संध्याकाळी ६ वाजता पेटवलेल्या जाळाची ऊब बसायच्या जागी मध्यरात्रीच्या सुमारास पोचते. शेवटी शेणमातीचा किंवा चुन्याचा हात.

दीड टन मातीचे तापमान ३० अंशांनी वाढवायला सुमारे ११ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात ४ युनिट असतात. म्हणजे ओट्यात जेमतेम ३ किलो लाकडाची उष्णता मावते. ड्रम खोलीत टाकतो ती आणि धुराड्यातून जाते ती वेगळी.

ड्रमभोवती तांब्याची कॉइल गुंडाळून गरम पाणी काढण्याचा मोह अनेकांना होतो. बंद नळीत पाणी उकळले की वाफेचा स्फोट होतो. ड्रमवर उघडे पातेले ठेवा, तेवढेच करा.

पहिला जाळ

ओला ओटा वाळायला दोन आठवडे लागतात. रोज अर्धा-पाऊण तास छोटा जाळ करा, खिडकी उघडी ठेवून. या दिवसांत ओढ कमीच असते आणि धुराड्यातून पाणी गळते, घाबरू नका. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून लावा. या वायूला वास नसतो आणि बंद खोलीत झोपलेला माणूस उठत नाही.

लाकूड मनगटाएवढे किंवा त्याहून बारीक, ४० सेंमी लांब, वर्षभर सावलीत वाळलेले. सफरचंदाच्या छाटणीच्या फांद्या, पॉप्लर, विलो उत्तम. तोंडात लाकडे उभी ठेवायची. खालचे टोक जळते आणि लाकूड आपल्या वजनाने खाली सरकते. जाळ धरला की तोंडाचा निम्मा भाग विटेने झाका म्हणजे हवा वेगाने आत जाते. राखाडी निखारे पूर्ण विझल्याशिवाय तोंड बंद करायचे नाही.

काय बिघडते आणि का

*पेटवताना धूर खोलीत येतो, नंतर थांबतो.* धुराड्यातली हवा थंड आणि जड आहे. धुराड्याच्या पायथ्याचे झाकण उघडून दोन-तीन चुरगाळलेले कागद तिथे पेटवा, ओढ सुरू झाली की झाकण लावा आणि मगच तोंडात जाळ घाला. बरेच दिवस बंद असलेल्या ओट्याला हे दरवेळी करावे लागते.

*धूर थांबतच नाही.* खिडक्या सताड उघडून, अगदी छोट्या जाळावर, पाइपाच्या पहिल्या टीचे झाकण काही क्षण काढा. ओढ सुधारली तर अडथळा पुढच्या पाइपात किंवा धुराड्यात आहे. नाही सुधारली तर जोडकप्पा अरुंद आहे किंवा ड्रमच्या छताची फट कमी आहे. अंगणात सगळे नीट चालले होते आणि घरात चालत नाही, तर स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी तपासा. दोन्ही खोलीतली हवा धुराड्याच्या उलट ओढतात.

*ज्वाळा लाकडावर चढून तोंडाबाहेर येते.* लाकडे तोंडाच्या वर डोकावत आहेत किंवा तोंड उंच झाले आहे, आणि तोंडच धुराडे बनले आहे. लाकडे आखूड करा. वाकडी लाकडे एकमेकांत अडकून टांगून राहतात तेव्हाही हेच होते. चिमट्याने हलवून खाली बसवा.

*धुराड्यातून काळसर पाणी गळते.* सुके म्हणवलेले एक किलो लाकूड जळतानाही अर्धा लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन निघते. बाहेर पडणारा वायू फार गार झाला की ते पाइपातच धरते. लाकूड ओले असेल तर आणखी. धुराड्याच्या पायथ्याचे तापमान ६०-८० अंश राहावे. त्याखाली असेल तर पाइप लांब झाला आहे. बाहेरचे धुराडे आवरणाने गुंडाळा, तरीही भागले नाही तर ओट्यातला एक वळसा कमी करा.

*चांगली चालणारी चूल हळूहळू मंदावते.* राख. जोडकप्प्याचा खड्डा महिन्याला, बोगदा आठवड्याला, पाइप हंगामात एकदा. सुरुवातीला साचत नाही म्हणून विसरले जाते, आणि मग एक दिवस खड्डा भरून पाइपाचे तोंड निम्मे झाकलेले सापडते.

*ओट्याला भेगा.* केसाएवढ्या भेगा चालतात. जाळ चालू असताना भेगेजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला तर भेग पाइपापर्यंत आहे. ओली करून पातळ माती-वाळू दाबून भरा. ड्रमच्या कडेची भेग सर्वांत आधी बघा.

*ड्रमचे छत लाल होते.* फट कमी आहे किंवा फार बारीक, कोरडे लाकूड कोंबले आहे. उलट ड्रम तापतच नसेल आणि आवाजही नसेल तर जोडकप्प्यातून बाहेरची थंड हवा आत शिरते आहे.

लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. ओढही तशीच कमी. तिथे ओट्यातला पाइप मीटर-दीड मीटर आखूड ठेवा आणि धुराडे थोडे उंच करा.

हंगाम संपल्यावर ड्रम उचलून उभी नळी पाहा. आतला ब्लँकेट कडक झालेला असतो, तो तसाच राहू द्या. खालच्या टोकाला ज्वाळा घासून खड्डा पडला असेल तरच बदला. काढण्याआधी पाण्याने भिजवा, कारण तापून ठिसूळ झालेल्या तंतूंची धूळ नव्या ब्लँकेटपेक्षाही जास्त धोकादायक असते. भिजलेले तुकडे पिशवीत बांधून ठेवा, झाडू मारू नका.